बाटल्यांचा घरमालक

त्याच्या खोलीला एसी होता, पण त्या एसीत तो स्वतः झोपत नसे. एसीत बियर झोपायची. खोलीच्या मधोमध एक मोठं पांढरं प्लॅस्टिकचं पिंप पाटावर मांडलेलं, खिडकीला जाड पडदा, आणि हा बाहेर हॉलमध्ये चटईवर, पंख्याखाली, घामाघूम. मी राहायला गेले त्या पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "मालक, पिंपाला उकडतं का हो?"

"पिंपाला नाही, यीस्टला," तो म्हणाला. "यीस्ट जिवंत असतं, बाई. त्याला तापलं की ते घाण करून ठेवतं. माणसासारखंच."

तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायची. वयानं तो माझ्यापेक्षा पाचसहा वर्षांनी मोठा होता. पण मनात मी त्याला कधी 'ते' म्हटलं नाही, म्हणून इथंही म्हणत नाही.

माझा मुलगा आणि सून दोघं इंजिनियर. सिंगापूरला टॅम्पिनीसमध्ये त्यांनी ह्या माणसाच्या फ्लॅटातल्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. तिसऱ्या खोलीत मालक राहायचा, म्हणजे पिंप राहायचं. नात तीन वर्षांची होती. तिला सांभाळायला म्हणून मला खामगावहून बोलावून घेतलं. मी चौथी पास. इंग्रजी मला तेव्हाही येत नव्हतं, पण कोण काय बोलतंय ते तोंडाकडे बघून कळायचं. मालक मात्र मराठी निघाला. मुंबईच्या गोदीत फिटर होता, तरुणपणी जहाजं दुरुस्त करायला तिकडे गेला आणि तिकडचाच झाला. बायको वारली होती. एक मुलगी, ती ईस्ट कोस्टला कॉन्डोत राहायची.

दारूशी माझं जुनं वैर. आमच्या वस्तीत हातभट्टी होती. मी लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या वर्षी आम्ही बायकांनी ती फोडली. मी मुसळानं सात मडकी फोडली, अजून हात आठवतो. रोज सकाळी पंचशील म्हणते आणि त्यातलं पाचवं, नशेपासून दूर राहण्याचं, मी जरा मोठ्यानंच म्हणते. त्यामुळे घरात बियर गाळतात हे कळल्यावर मी मुलाला सांगितलं की ह्या घरात मी राहणार नाही.

"आई, तो पीत नाही," मुलगा म्हणाला.

"पीत नाही तर करतो कशाला?"

"तूच विचार ना त्याला."

मी विचारलं. मालक बाटल्या धूत होता. मान वर न करता म्हणाला, "तुम्ही पापड करता ते सगळे स्वतः खाता का?"

आणि खरंच तो पीत नसे. बाटली उघडायची, अर्धा ग्लास ओतायची, ग्लास उजेडात धरायचा, मग कानाशी न्यायचा, मग एकच घोट. बाकीची बियर खाली जायची. इमारतीच्या तळमजल्यावर मोकळ्या जागेत दगडी टेबलांवर चिनी म्हातारे बुद्धिबळासारखं काहीतरी खेळत बसायचे, त्यांना. ते त्याला बदल्यात रिकाम्या बाटल्या आणून द्यायचे. घरी बियर करायला तिथे सरकारचा परवाना लागायचा. तो त्यानं काढला होता आणि चौकट करून हॉलमध्ये लावला होता. बायकोचा फोटो त्याच्या शेजारी होता, जरा खाली.

बाटल्या फक्त तपकिरी. हिरवी कोणी आणली तर परत. हिरवीतून उजेड शिरतो आणि बियरला वास लागतो म्हणायचा. न्हाणीघरातल्या बादलीत सतत बाटल्या भिजत घातलेल्या, पाण्यावर सुटलेली लेबलं तरंगायची. सून रोज कुरकुरायची की अंघोळ करायची की लेबलं गोळा करायची. धुतलेली प्रत्येक बाटली तो एक डोळा मिटून ट्यूबलाइटकडे धरून बघायचा. गळ्यावर नुसता ओरखडा दिसला तरी बाटली कचऱ्यात. ज्या दिवशी बियर बाटलीत भरायची त्या दिवशी पूर्ण बाह्यांचा सदरा, वरपर्यंत बटणं, केस विंचरलेले. एरवी दिवसभर बनियनवर.

त्या दिवशी मला फोडणी करायची बंदी. एकदा मी वरणाला लसणाची फोडणी दिली तर तो खोलीतून ओरडत आला, "बंद करा ते! माझी बियर काय तुमच्या वरणात घालायचीय?"

"तुमच्या बियरपायी माझ्या नातीनं काय खायचं?"

"दूधभात."

मी दूधभात केला. झालेलं फोडणीचं वरण त्याच्या ताटात वाढलं नाही एवढंच.

चांगला माणूस होता असं मी म्हणणार नाही. नात रडली की दार आपटायचा. सणाला कधी कोणाशी गोड बोलला नाही. पण त्यानं मला कधी विचारलं नाही की तुमचे मिस्टर कशानं गेले, तुम्ही कुठल्या, तुमची माणसं कोण. तिथे भेटणारी मराठी माणसं दुसऱ्या वाक्याला आडनाव विचारत. ह्यानं दोन वर्षांत विचारलं नाही. मला तेवढं पुरत होतं.

पुढे त्याचा उजवा हात थरथरायला लागला. नळीनं पिंपातली बियर बाटलीत सोडायची तर बाटली धरायला कोणीतरी हवं. मला म्हणाला, "बाई, जरा धरता?"

"मी दारूला हात लावत नाही."

"दारूला मी लावतो. तुम्ही बाटलीला लावा."

पंचशीलात बाटली धरू नये असं कुठं म्हटलेलं नाही. मी धरली. तेव्हापासून दर खेपेला मी त्याच्यासमोर पाटावर बसायची आणि एकेक बाटली पुढे करायची. तीस बाटल्यांची खेप. त्यानं मला सगळं समजावून सांगितलं, आणि मला ते कळलं, कारण त्यात कळायला अवघड काही नव्हतं. पिंपात मॉल्टची काकवी, पाणी आणि यीस्ट. दोन आठवड्यांत यीस्ट गोडवा खाऊन टाकतं आणि बियर तयार होते, पण ती मेलेली असते, तिच्यात गॅस नसतो. म्हणून बाटली भरली की प्रत्येकीत साखर घालायची आणि झाकण घट्ट दाबायचं. उरलेलं यीस्ट ती साखर खातं, गॅस सोडतं, गॅसला जायला वाट नाही, म्हणून तो बियरमध्येच मुरतो. लोणच्यासारखं दोन आठवडे मुरू द्यायचं. साखर कमी पडली तर बियर पाण्यासारखी. जास्त पडली तर गॅस बाटलीत मावत नाही.

"मग?" मी विचारलं होतं.

"मग बाटली नाही, बॉम्ब."

म्हणून साखरेला औषधाचा एक छोटा चमचा होता. त्यात साखर घ्यायची आणि सुरीच्या पाठीनं सपाट करायची. शीग चालणार नाही. "काठोकाठ, शीग नको," हे तो प्रत्येक बाटलीला म्हणायचा. तीस बाटल्या, तीस वेळा. देवाचं नाव घ्यावं तसं.

भरलेल्या बाटल्या तो बॉम्ब शेल्टरमध्ये ठेवायचा. तिथल्या नव्या फ्लॅटात प्रत्येक घराला एक छोटी खोली असते, भिंती हातभर जाड, दार लोखंडी, युद्ध झालं तर लपायला. लोक तिथे चपला, बॅगा, तांदूळ ठेवतात. मी एकदा म्हटलं, "मालक, उद्या युद्ध झालं तर आपण कुठं बसायचं?"

"बाहेर. आत बियर आहे."

तो हसला नाही. मीच हसले.

मग त्याचं डोकं जायला लागलं. केटल जळाली. पाव आणायला खाली गेला आणि दोनदा पाव आणला. माझ्या नातीला स्वतःच्या मुलीच्या नावानं हाका मारल्या. हे म्हातारपणी होतं, मी लक्ष दिलं नाही. पण एका खेपेला बाटल्या भरताना तो मध्येच थांबला, चमचा हातात, आणि समोरच्या बाटल्यांकडे बघत राहिला. कुठल्या बाटलीपर्यंत साखर घातली ते त्याला आठवेना. मग त्यानं कुठूनतरी पुढे सुरुवात केली. मी बघत होते. काही बाटल्या सुटल्या, काहींत दोनदा गेली. मी म्हटलं, "मालक, ह्या पाच राहिल्या. साखर घातली का ह्यांत?"

तो एकदम उसळला. "माझ्या डोक्याची परीक्षा घेता? चौथी शिकलेली बाई मला शिकवणार?"

तीन दिवस बोलला नाही. दोन आठवड्यांनी बाटल्या उघडल्या तर एक पाणी, दुसरी छतापर्यंत. "साखर दमट होती," तो म्हणाला. मी छत पुसलं. त्याला ठाऊक होतं की मला ठाऊक आहे.

त्यानंतरच्या रविवारी त्याची मुलगी आली. पन्नाशीला टेकलेली, दवाखान्यात कामाला, थकलेली. मराठी तिची अर्धी इंग्रजीत. स्वयंपाकाचा गॅस रात्रभर चालू राहिला होता हे तिला सुनेनं फोन करून कळवलं होतं. बाप एकदा एमआरटीत, तिथल्या मेट्रोत, चुकून शेवटच्या स्टेशनला जाऊन बसला होता, तेही तिला कळलं होतं.

"पप्पा, कान्ट गो ऑन लाइक धिस, ला," ती म्हणाली. "यू बर्न द होल ब्लॉक, हाऊ? मी एक होम बघितलंय. चांगलं आहे. नर्स आहे. फ्लॅट विकू."

"माझं डोकं ठीक आहे."

"डॉक्टरनं टेस्ट घेतली ना? महिना कोणता ते नाही सांगता आलं."

"महिना कोणता ते कॅलेंडरला विचार. मला बियर विचार."

ती कपाळाला हात लावून बसली. तेव्हा तो उठला, आत जाऊन सदरा घालून आला, वरपर्यंत बटणं लावली आणि तिच्यासमोर बसला. "ऐक. आज मी पिंप भरतो. दोन आठवडे पिंपात, दोन आठवडे बाटलीत. चार आठवड्यांनी रविवारी ये. तुझ्यासमोर बाटली उघडीन. दोन बोटं फेस आला आणि टिकला, तर मी इथे राहणार आणि तू पुन्हा हा विषय काढायचा नाही. नाही आला, तर तू म्हणशील तिथे जाईन. एक शब्द बोलणार नाही."

"पप्पा, धिस इज नॉट अ मेडिकल टेस्ट."

"माझी हीच."

तिनं फोन काढून कॅलेंडर बघितलं. मग म्हणाली, "ओके. फोर वीक्स." आणि माझ्याकडे वळली. "आंटी, यू आर विटनेस, हां."

त्या संध्याकाळी मुलगा मला म्हणाला, "आई, जरा लक्ष ठेव त्याच्यावर. फ्लॅट विकला तर आपल्याला निघावं लागेल." सून पोटुशी होती, सातवा लागला होता. नातीला खालच्याच बालवाडीत जागा मिळाली होती, फार खटपटीनं. आणि मी मुलाच्या पासवर, म्हणजे व्हिसावर, राहणारी बाई, माझं काय, मुलगा जाईल तिथे मी. म्हणून मी लक्ष ठेवायचं ठरवलं. त्यात त्याच्यावरची दया वगैरे किती होती ते मला सांगता येणार नाही. थोडी असेल. घर जास्त होतं.

दोन आठवडे पिंप नीट चाललं. त्याच्या झाकणातल्या वाकड्या नळीत पाणी असायचं, त्यातून गॅस बुडुक बुडुक बाहेर पडायचा. तो दाराला कान लावून ते मोजायचा. बाटल्या भरायच्या दिवशी, सोमवारी सकाळी, मी नातीला बालवाडीत सोडून आले तर सगळं मांडून तयार होतं. तीस बाटल्या ओळीत. नळी. स्वच्छ फडक्यावर चमचा आणि सुरी. झाकणांची वाटी.

आम्ही बसलो. मी बाटली पुढे करायची, तो भरायचा. पहिली, दुसरी, तिसरी. हात नेहमीपेक्षा स्थिर होता. तोंडानं काही बोलत नव्हता. मी वाट बघत होते की आता काठोकाठ म्हणेल, शीग नको म्हणेल. नाही म्हणाला. चमचा फडक्यावर तसाच. दहा झाल्या, वीस झाल्या, तीस झाल्या. चमच्याला त्यानं हात लावला नाही.

मी विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. गेल्या खेपेचे तीन दिवस आठवले. आता विचारलं आणि त्याचा तोल गेला तर उरलेलंही बिघडेल. भरून झाल्यावर त्यानं झाकणं बाटल्यांवर नुसती ठेवली. झाकणं तो लगेच दाबत नसे. आधी अर्धा तास बाटल्या तशाच सोडायचा आणि अंघोळीला जायचा. तसाच गेला. न्हाणीघराचं दार लागलं, पाण्याचा आवाज आला.

मी साखरेचा डबा आणला, चमचा उचलला. एकेक झाकण काढलं, साखर घेतली, सुरीच्या पाठीनं सपाट केली, घातली, झाकण ठेवलं. तीस वेळा. साखर पडली की बियर जरा फसफसायची, दोनचार बाटल्यांतून फेस बाहेर आला, तो फडक्यानं पुसला. चमचा पुसून जागेवर ठेवला. ज्या हातानं मडकी फोडली त्याच हातानं मी दारूत साखर घातली, आणि मनात आलं की एक शीग येऊ दिली नाही.

तो बाहेर आला. जमीन ओली बघून म्हणाला, "हे काय?"

"पुसलं मी."

"बरं केलंत." आणि झाकणं दाबायच्या यंत्रानं एकेक झाकण दाबलं. दोन्ही हात एकदम खाली, कट्. बाटल्या शेल्टरमध्ये गेल्या, लोखंडी दार बंद झालं. त्या दिवसापासून तो खुशीत होता. खाली जाऊन चिनी म्हाताऱ्यांना सांगून आला की पुढच्या पुढच्या रविवारी मोठी खेप आहे. नातीला बिस्किट दिलं. मला म्हणाला, "बाई, आज फोडणी द्या, द्यायची तर."

नवव्या दिवशी दुपारी जेवणं झाली होती. मुलगा-सून कामावर. नात आत झोपलेली. मी भांडी घासत होते, तो हॉलमध्ये चटईवर पडला होता. शेल्टरमधून आवाज आला. भिंतीत कोणी घण घातल्यासारखा. मागोमाग काचा पडल्याचा.

तो उठून बसला. मी हात पुसत बाहेर आले. दुसरा आवाज. मग तिसरा आणि चौथा जवळजवळ एकदम. एक फुटली की तिच्या धक्क्यानं शेजारची. दाराखालून फेस बाहेर यायला लागला.

शेजारची चिनी बाई आमच्या जाळीच्या दाराशी येऊन ओरडली, "अंकल! व्हॉट हॅपन?"

"बियर," तो म्हणाला. "नथिंग. बियर."

ती गेली. तो लोखंडी दारासमोर जाऊन जमिनीवर बसला, फेसातच. मी त्याच्यासमोर बसले. आणखी एक फुटली. तो त्या आवाजाला दचकलाही नाही.

"साखर दुप्पट झालीय," तो म्हणाला. "नाहीतर नवव्या दिवशी फुटत नाही."

मी हातातलं फडकं दाराशी फेसावर टाकलं.

"पण मी चमच्यानं घातलीच नव्हती, बाई. ठरवून घातली नव्हती. सगळी साखर मोजून पाण्यात उकळली आणि सकाळी पिंपात मिसळली. तुम्ही पोरीला सोडायला गेलात तेव्हा. चमच्याचा घोळच नको म्हणून, चमचा मांडला तो नुसता सवयीनं. मोजायचं एकदाच, विसरायला जागाच नाही." त्यानं माझ्याकडे बघितलं. "मग मी चमच्यानं परत कधी घातली? तुम्ही समोर होतात. घातली का मी?"

मला तेव्हा सगळं कळलं. त्याला विचारलं की चिडतो म्हणून मी विचारलं नाही, आणि मी त्याच्या डोक्याची परीक्षा घेईन म्हणून त्यानं सांगितलं नाही. एवढंच झालं होतं. एक वाक्य बोलायचं होतं मला. साखर मी घातली, एवढं. मी हात मांडीखाली दाबून बसले होते. मला वाटलं, हे बोलले तर आजच संध्याकाळी हा आम्हाला बाहेर काढेल. सुनेचा आठवा महिना. मुलगा म्हणेल तुला लक्ष ठेवायला सांगितलं होतं, हात घालायला नाही.

"मला नाही आठवत," मी म्हटलं.

"मलाही नाही," तो म्हणाला. आणि मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी. "म्हणजे संपलं."

उठला, फोनपाशी गेला आणि मुलीला फोन लावला. इंग्रजीत बोलला, पण मला कळलं. "रविवारी येऊ नकोस. आजच ये. आय अॅम फिनिश्ड." पलीकडून ती काही म्हणत होती. "नाही, नाही. बोललो ते बोललो. एक शब्द बोलणार नाही म्हटलं होतं ना?"

तिन्हीसांजेपर्यंत आवाज थांबले. उरलेल्या बाटल्यांचा गॅस सोडायला हवा होता, नाहीतर कोणी दार उघडेल आणि तोंडावर येईल. तो मला आत येऊ देईना. माझी खामगावहून आणलेली गोधडी अंगाला गुंडाळली, तोंडासमोर ॲल्युमिनियमचं ताट धरलं, हाताला टॉवेल, आणि आत गेला. मी दार धरून उभी राहिले. एकेक झाकण तो हळू उचलायचा आणि फेस छताला लागायचा. एक बाटली झाकणाला हात लागताच फुटली आणि त्याच्या दंडात काच गेली. त्यानं ती दात उपटल्यासारखी बोटांनी ओढून काढली आणि पुढच्या बाटलीकडे वळला. बारा बाटल्या शाबूत निघाल्या. शेवटची उघडली तेव्हा त्यात बोट बुडवून चाखलं.

"चव बरोबर आहे," म्हणाला. "गॅस वगळला तर खेप चांगली होती."

मुलगी आली, दंडाला पट्टी बांधली, रडली. तो रडला नाही. महिन्याच्या आत त्याला होममध्ये नेलं. फ्लॅट विकला गेला. आम्ही क्वीन्सटाउनला जुन्या फ्लॅटात गेलो, तिथेच दुसरी नात झाली. नवीन घरमालक चिनी होता, तो आम्हाला दिसायचासुद्धा नाही. घर वाचावं म्हणून गप्प बसले आणि घर काही वाचलं नाही.

दोन महिन्यांनी मी त्याला भेटायला गेले. मुलानं बसनं नेलं आणि तो बाहेर थांबला. वाटलं होतं, माणूस खचला असेल. तर तो खिडकीशी खुर्चीत बसून होता, स्वच्छ, दाढी केलेली, सगळं आठवणारा. आजूबाजूला तोंडातून लाळ गळणारे म्हातारे, आणि मध्ये हा. मला बघून म्हणाला, "बाई! पोरगी झाली की पोरगा?"

"पोरगी."

"बरं झालं."

मग मी सांगितलं. बसल्या बसल्या, चहा यायच्या आधी. "मालक, त्या खेपेला चमच्यानं साखर मी घातली. तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा. मला वाटलं तुम्ही विसरलात."

तो माझ्याकडे बघत राहिला. "किती?"

"एकेक चमचा."

"शीग?"

"नाही. सपाट."

त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं, ओठ हलले. "पिंपातली पुरेशी होती," तो म्हणाला. "तुमचीही पुरेशी होती." त्यानं बोटं मिटली. "म्हणजे मी विसरलो नव्हतो."

"नाही."

"दारासमोर बसून मी तुम्हाला विचारलं. घातली का मी, म्हणून विचारलं."

"हो."

"का नाही बोललात?"

"तुम्ही आम्हाला घरातून काढाल म्हणून."

"आता कुठं राहता?"

"क्वीन्सटाउनला."

"बरं," तो म्हणाला. खुर्चीच्या दांडीला लावलेली घंटी त्यानं दाबली. फिलिपिनी नर्स आली. तिला तो इंग्रजीत म्हणाला की ही बाई आता जाईल, आणि हिला पुन्हा आत सोडू नका. ओरडून नाही. गोदीतला फिटर मुकादमाला सांगतो तसं, एकदाच, नीट.

घरी येऊन मी सुनेला त्याच्या मुलीचा नंबर लावायला सांगितला आणि तिलाही सांगितलं. 

"आंटी," ती म्हणाली, "गॅस खरा होता. एमआरटी खरं होतं. टेस्ट खरी होती. एक ना एक दिवस जावंच लागलं असतं."

"हो."

"पण त्यांनी स्वतः फोन केला म्हणून मी नेलं. नाहीतर मी थांबले असते, आंटी. मे बी एक वर्ष. मे बी दोन. मला काय हौस होती?" मग तिचा आवाज बदलला. "सॉरी आंटी, आय कान्ट टॉक नाउ."

फोन ठेवला. तिनं पुन्हा कधी केला नाही, मीही नाही. मुलाला मी हे सगळं तेव्हाच सांगितलं. तो म्हणाला, आई, तू चांगल्यासाठीच केलंस. मी त्याला म्हटलं, तू गप्प बस.

दीडेक वर्षानं माझं परत यायचं ठरलं. निघायच्या आदल्या रविवारी मी मुलाबरोबर पुन्हा होममध्ये गेले. दारावर तीच नर्स होती. तिनं मला ओळखलं, मुलाला म्हणाली की आता आत जायला हरकत नाही, अंकल कोणालाच ओळखत नाहीत. मुलगी येते तर तिला सिस्टर म्हणतात, पाणी मागतात. बोलणंही थांबलंय. महिना, वार, जेवलो की नाही, काही नाही.

मी आत गेले. त्याची खुर्ची आता चाकांची होती. हात मांडीवर, नखं कापलेली, सदऱ्याची बटणं कोणीतरी वरपर्यंत लावून दिलेली. मी स्टूल ओढून समोर बसले. काही न्यायचं नाही असं ठरवून गेले होते, नेलं नव्हतं. तो माझ्याकडे बघत होता, खूप वेळ, लहान मूल बघतं तसं, डोळे न हलवता.

मग त्याचे दोन्ही हात चाकांवर आले. त्यानं चाकं फिरवली, आधी थोडी, मग जोर लावून, आणि खुर्ची पूर्ण वळवून भिंतीकडे तोंड करून बसला.

"ही इज टायर्ड," नर्स मला म्हणाली.

तो थकला नव्हता. त्यानं मला ओळखलं होतं.